खळ्यातली बोट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लगेच सांगेन: कर्जतला कॉलेजात आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडून खोपोलीला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा सर मोटरसायकलवरून आमच्या शेतावर आले, बांधावर बसले आणि वडिलांशी बराच वेळ फक्त भाताच्या जातींबद्दल बोलले. उठताना म्हणाले, "सोमवारी पाठवा याला." वडिलांनी पाठवलं. मी पदवीधर झालो तो त्या सोमवारामुळे.

सर मूळचे मांडव्याकडचे. सुट्टीत एकदा ते मला गावी घेऊन गेले. तिथे त्यांच्या मित्राची शिडाची छोटी बोट होती. तोवर मी समुद्र किनाऱ्यावरूनच पाहिला होता. सरांनी मला सुकाणूवर बसवलं आणि वारा कोणत्या गालाला लागतो तेवढं सांगत राहा, म्हणाले. त्या दिवशी दुसरं काही शिकवलं नाही. घरी आल्यावर भात वारवतानासुद्धा माझं लक्ष गालाकडे असायचं. नंतर दर हंगामात आम्ही जात राहिलो. छोट्या बोटींच्या शर्यतींतही उतरलो, बहुतेक वेळा शेवटून दुसरे आलो.

पुढे मला खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात कायम नोकरी लागली, सर निवृत्त झाले, मित्राने बोट विकली. मागच्या वर्षी सर म्हणाले की दिवाळीनंतर ते मुलीकडे बंगळूरला कायमचे राहायला जाणार. गुडघा साथ देत नव्हता आणि घरात एकटं राहणं मुलीला पसंत नव्हतं. "जायच्या आधी एकदा शिडाखाली बसायला मिळालं असतं तर बरं होतं," असं ते सहज बोलून गेले. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं की आपली बोट घ्यायची आणि सर जायच्या आत त्यांना तिच्यात बसवायचं.

माझ्या पगारात नवी बोट येणं शक्य नव्हतं. जुनीच घ्यायची होती, तीही किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंड्यापर्यंत जाऊ शकेल आणि शर्यतीतही चालेल अशी. सरांनी फोनवर सांगितलं, "शीड बघून भुलू नकोस. तळ बघ."

मी तीन बोटी पाहिल्या. पहिलीत झोपायला खोली होती, स्वयंपाकाला ओटा होता, पण तळाला लोखंडाचा जड कणा होता आणि त्याला गंजाचे पापुद्रे सुटले होते. अशी बोट कायम खोल पाण्यात नांगरून ठेवावी लागते, बाहेर काढायची तर क्रेन लागते. स्वस्त म्हणून घेतली असती तर तिच्याच चाकरीत राहिलो असतो. दुसरी लाकडी, शर्यतीची, दिसायला फार देखणी. पण तिच्यात पाय पसरायलाही जागा नव्हती, मग सरांच्या गुडघ्याचं काय? तिसरी फायबरची, अठरा फुटी. पुढे बॅगा ठेवण्यापुरतं छप्पर, मधोमध तळातून वरखाली होणारी फळी आणि सोबत चाकांचा गाडा. फळी वर घेतली की बोट गुडघाभर पाण्यातही तरते. शिवाय तशा आणखी काही बोटी त्या किनाऱ्यावर होत्या, म्हणजे शर्यतीत बरोबरीच्या बोटी मिळणार होत्या.

माझा मोठा भाऊ बरोबर आला होता. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा तळ ठोकत फिरलो. जिथे आवाज बसका येतो तिथे आत पाणी मुरलेलं असतं. फळीच्या खाचेजवळ तसा एक हातभर भाग सापडला, बाकी ठणठणीत. डोलकाठीच्या तारांचा पीळ कुठे तुटलाय का हे बघायला त्यांवरून कापूस फिरवला, तो एकाच ठिकाणी अडकला. दादा बैलाच्या बाजारात उभं राहावं तसा हात मागे बांधून बघत होता. शेवटी त्याने मालकाला विचारलं, "मारकी नाय ना?"

मालक हसला आणि म्हणाला, वारा वाढला की थोडी आहे. त्यावरच सौदा झाला.

पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ठेवायची म्हणजे जागेचं भाडं आणि राखण. सर म्हणाले, "घरी ने, डागडुजी कर, पाऊस सरला की परत आण." दादाचंही तेच मत पडलं, आपली वस्तू लोकांच्या दारात कशाला ठेवायची. मे महिन्यात आम्ही ती पेणवरून, खोपोलीवरून घरी आणली. दहिवलीच्या पुढे, कोंडाण्याच्या रस्त्याला आतल्या अंगाला आमचं घर आहे. घराकडे येणारी पाणंद मोटरसायकलपुरती. उन्हाळ्यात आमच्याकडे ट्रॅक्टर असो, टेंपो असो, खाचरांतूनच येतो. बांध थोडा फोडायचा, माती दाबायची, की झाला रस्ता. तसाच रस्ता करून दादाने बोट खळ्यात आणली. आईने नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गावातली माणसं येऊन बोटीला हात लावून गेली.

जूनमध्ये दादाने बांध पुन्हा बांधले. लावणीच्या रविवारी मीही चिखलात उतरलो. पाठ मोडेपर्यंत रोपं खोचली, आणि बोटीच्या परतीच्या वाटेतच आपण भात लावतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही. दादाच्याही नाही. दरवर्षी हेच करतो आपण; उन्हाळ्यातला रस्ता पावसाळ्यात शेत होतो, त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

सप्टेंबर सरत आला आणि सरांचा फोन आला, कधी आणतोस? मी ओटीवर उभा होतो. समोर कमरेएवढं भात, त्यापलीकडे रस्ता. "सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी कोंडल्यासारखे काढले. बोट पाणंदीतून नेता येईल का म्हणून दोरीने मापं घेतली. विहिरीपाशी पाणंद काटकोनात वळते, तिथे अठरा फूट वळणं शक्य नव्हतं. पालखीसारखी खांद्यावर नेऊ, असं गावातले चार जण म्हणाले, पण बांधावर दोन माणसं जोडीने चालू शकत नाहीत. कामावर जाताना, येताना बोट दिसायची, हिरव्या भाताच्या मागे डोलकाठी आडवी ठेवलेली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सोबती विचारायचे, "काय रं, तुझं बंदर कुठवर आलं?"

दसऱ्याला सर स्वतः आले. रिक्षा रस्त्यावर सोडून पाणंदीने काठी टेकत टेकत खळ्यात पोहोचले. बोटीकडे पाहिलं, मग सभोवार भाताकडे पाहिलं.

"मी तुला भूगोल शिकवला," ते म्हणाले, "आणि तू खाचरात बंदर काढलंस."

दादा त्यांच्या बोलण्याने ओशाळला. आमच्या खाचरातलं भात हळवं होतं, कापणीला आलेलं. ते आजच कापतो म्हणाला. पण रस्त्यालगतचं खाचर चुलत्यांचं, आणि त्यांनी गरवं लावलं होतं, महिनाभर उशिरा होणारं. दादा मला घेऊन त्यांच्याकडे गेला. भरपाई देऊ, गाड्यापुरता पट्टा कापू द्या, असं मी म्हणालो.

काकांनी आम्हाला बांधावर नेऊन एक लोंबी चिमटून दाखवली. मग म्हणाले, "दुधात आलेलं भात हाय रं. त्यात विळा घालाया सांगतोस? दाणा भरू दे, मग तुझी बोट मी ओढतो."

मी मान खाली घातली. मी शिकलेला असलो तरी त्याच घरातला आहे. दुधातलं भात कुणी कापत नाही. काकांनी होकार दिला असता, तरी तो पहिला विळा माझ्याने मारवला नसता.

परत आलो तर सर बोटीत चढून बसले होते. शीड चढव म्हणाले. मी आणि दादाने डोलकाठी उभी केली, शीड वर घेतलं. माथेरानच्या बाजूने वारा येत होता. शीड भरलं, दोऱ्या ताणल्या, गाडा करकरला. सरांनी सुकाणू धरलं आणि मला विचारलं, "कोणता गाल?"

"उजवा," मी म्हणालो.

बोट गाड्यावर कलू लागली तेव्हा आम्ही घाईने शीड उतरवलं. सर दिवाळीनंतर गेले. स्टेशनवर म्हणाले, पाण्यात घालशील तेव्हा लिहून कळव, फोनवर वारा कळत नाही. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

सर, नमस्कार.

बोट निघाली. काकांचं भात झोडून झालं आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच जोखड घेऊन दारात आले. ट्रॅक्टर ओल्या जागेत एकदा रुतला, मग बैल लावले. फळीच्या खाचेचं काम मी ऑक्टोबरच्या उन्हात केलं होतं. ते टिकलं, पाणी येत नाही.

तुमच्या जागेवर दादा बसला. त्याला पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. किनारा मागे गेल्यावर तो चारी बाजूंना बघत म्हणाला, याला बांध नाय रं कुठं. नंतर त्याला उलटी झाली. पुन्हा येईन म्हणतो, पण नक्की नाही.

सर, तुम्ही असताना हे झालं नाही, याचं मला रोज वाईट वाटतं. खळ्यात तुम्ही सुकाणू धरलंत ते डोळ्यांसमोरून जात नाही. मला कारखान्यातल्या पाळीमुळे एकाआड एक रविवारच मोकळा मिळतो, आणि मे संपायच्या आत बोटीसाठी किनाऱ्यावर जागा शोधायची आहे. यंदा ती घरी आणणार नाही. आईला ते आवडलेलं नाही.

गुडघा बरा असेल तर होळीच्या सुमारास या. बोटीत चढायला मी लाकडी पायरी केली आहे. तारीख महिनाभर आधी कळवा, म्हणजे रजा मांडता येईल.

एक विचारायचं होतं. फळी अर्धी वर घेतली की बोट वाऱ्याकडे तोंड करायला बघते, सुकाणू जोर लावून धरावं लागतं. फळीमुळे होतं, की डोलकाठी मागे झुकली आहे? दादाला विचारलं तर म्हणतो, मालकाने सांगितलं होतं, थोडी मारकी आहे. तुम्ही लिहा.