बदलीचा अर्ज आणि 'फाइल' शब्दाचे मूळ

विषय : दापोलीस बदली मिळण्याबाबत.
संदर्भ : माझाच अर्ज आणि माझीच विद्वत्ता.

उपरोक्त विषयी काय सांगायचे तुम्हाला? एवढा गाढवपणा अख्ख्या रत्नागिरीत दुसऱ्या कुणी केला नसेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या सरकारी कचेरीत कारकून. बायको मुरुडच्या शाळेत शिक्षिका, आई तिच्याजवळ, अंथरुणाला खिळलेली. जवळच दापोलीच्या कचेरीत जागा रिकामी होती. साहेबांची एक सही, की काम झाले!

साहेब वाचनवेडे. चहा पिताना त्यांनी सहज विचारले, हा 'फाइल' शब्द आला कुठून? मी घरी जाऊन कोश काढला. मूळ लॅटिन, अर्थ दोरा. पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवीत. एकामागे एक चालणाऱ्या शिपायांची रांग, तीही त्याच दोऱ्यातली फाइल. लोहाराची कानसही फाइलच, पण ती परक्या कुळातली. झाले दोन पानी टिपण! साहेबांची मर्जी बसावी म्हणून ते अर्जाच्याच फायलीत वर लावले. कोणी सांगितले होते?

साहेब खूश. शेरा मारला : 'टिपण उद्बोधक. सर्व शाखांचे अभिप्राय घ्यावेत.' फाइल निघाली फिरायला. खालचा अर्ज कोण बघतो?

अभिलेख शाखेच्या सावंतांना गाठले. म्हटले, तेवढा माझा अर्ज काढून द्या.

"अण्णा, पानांवर नंबर पडलेत," सावंत म्हणाले. "एक पान हललं तर माझी नोकरी जाईल. तुम्हीच शिकवलंत ना?"

मीच शिकवले होते.

आस्थापना शाखेने लॅटिनचा पुरावा मागितला. भांडार शाखेने कळवले, असा दोरा साठ्यात नाही. तेवढ्यात बदली झाली, ती साहेबांची! नव्या साहेबांनी फाइल तज्ज्ञांच्या मतासाठी मुंबईला धाडली.

शनिवारी एसटीने मुरुडला गेलो, की बायको अर्जाचे विचारी.

"दोऱ्यापाशी अडलंय," मी म्हणायचो.

"सासूबाईंना काय सांगू? दोऱ्यापाशी अडलंय?"

त्या वर्षी आई गेली. तिने मला एकदाही विचारले नाही, हे तिचे उपकार.

पुढे मी रीतसर स्मरणपत्र दिले. अर्जदारांना उत्तरे देण्याचे काम माझ्याच टेबलाकडे होते. मी मलाच टंकून कळवले, 'आपला अर्ज विचाराधीन आहे.' पोचही मीच सही करून घेतली.

नंतर मी रत्नागिरीतूनच निवृत्त झालो. अर्ज प्रलंबित आहे.