दात दाखवणारी पिल्लं

दोंडाईच्यात आमच्या घरामागे एक जुना वड होता. त्यावर वटवाघळांची वस्ती होती. दिवसभर ती काळ्या पिशव्यांसारखी लटकलेली असायची आणि कोणाला त्यांचं काही नव्हतं. मग एका उन्हाळ्यात मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ फिरला, वटवाघळांमुळे दुसऱ्या राज्यात माणसं दगावली म्हणून, आणि आमच्या गल्लीला एकाएकी स्वतःचा जीव फार प्यारा झाला. शेजारचे आबा पुढे झाले. भर दुपारी, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असताना, त्यांनी वडाखाली सुतळी बॉम्ब लावले.

सगळी वस्ती एकदम उठली. माद्या पिल्लांना छातीशी घेऊनच उडाल्या. त्या उन्हात जाणार कुठे? काही घिरट्या घालूनच खाली कोसळल्या. माणसं त्यांना काठीने ढोसत होती आणि हसत होती. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, नुकतीच निवृत्त झालेली. मरण खूप पाहिलं होतं, पण त्याला हसणारे लोक पहिल्यांदा पाहत होते. मी टॉवेल घेऊन गेले आणि मेलेल्या आयांना चिकटून राहिलेली तीन पिल्लं सोडवून घेतली.

"बाई, फेकी दे ते," आबा ओरडले. "बठ्ठा गावले आजार लावशी तू!"

"झाडावर होती तोवर कोण आजारी पडलं, आबा? खाली तुम्ही पाडलीत."

पिल्लं टॉवेलात गुंडाळून मी सरळ घरात आले.

धुळ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी आधी मलाच झापलं. उघड्या हातांनी का धरलंत? आधी रेबीजची इंजेक्शनं घ्या, जाड हातमोजे घ्या, मग पुढचं. वनखात्याशीही डॉक्टरच बोलले आणि पिल्लं उडण्याजोगी होईपर्यंत माझ्याकडे ठेवायची परवानगी मिळाली.

सामानाच्या खोलीत मी आडवी दोरी बांधली, तिच्यावर जुनं लुगडं टाकलं. पिल्लू फडक्यात गुंडाळायचं, डोकं थोडं खाली ठेवायचं आणि ड्रॉपरने थेंब थेंब दूध द्यायचं. घाई केली की दूध फुप्फुसात जातं. मुतायचं असलं की ती अंगठ्याच्या नख्यांनी दोरी धरून उलटी व्हायची, म्हणजे आपल्या हिशेबाने सुलटी, आणि अंगावर थेंबही पडू द्यायची नाहीत. गल्लीतले लोक त्यांना घाणेरडी म्हणत.

शेळीचं दूध देणाऱ्या बाईने दूध बंद केलं. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मला बोलावण्यांची पर्वा नव्हती, दुधाची होती. शेवटी डॉक्टरांनी धुळ्याहून एसटीने दुधाची पावडर पाठवली.

पण खरी लढाई घरातच होती. थोरली जाऊ आणि मी, दोघी विधवा, एकाच घराच्या दोन भागांत राहतो. अंगण आणि सामानाची खोली सामाईक. मी तिला अक्का म्हणते. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मना घरमा हाई अवदसा नको." मी ऐकलं नाही. मग ती येता-जाता खोलीच्या दाराशी थुंकायची. मीही गप्प बसणारी नव्हते. तिच्या देखत फिनेल ओतून तो उंबरा धुवायचे.

एका दुपारी बँकेतून परत आले, तर खोलीचं दार सताड उघडं होतं. लुगडं खाली पडलेलं. एक पिल्लू मांजराने नेलं होतं. एक पंख तेवढा कोपऱ्यात राहिला होता. उरलेली दोन वर वाशाला चिकटून चिरक्या आवाजात ओरडत होती.

अक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"दार कोणी उघडलं?"

"मीच उघडं," ती म्हणाली. नजरसुद्धा उचलली नाही. "आते काय करशी?"

तिच्या पुढ्यातलं सूप मी लाथेने उडवलं. लसूण अंगणभर पसरला. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून खोलीला कुलूप बसवलं आणि किल्ली गळ्यात घातली.

पिल्लं वाढली. पपईचा गर खाऊ लागली, मग फोडी. खोलीत या भिंतीवरून त्या भिंतीवर उडू लागली. आणि माझ्यावर उलटली. मी आत पाऊल टाकलं की दात विचकायची. एकाने हातमोज्यातून असा चावा घेतला की बोट सुजलं आणि परत इंजेक्शन घ्यावं लागलं. मी डॉक्टरांना चिडून म्हणाले, "एवढं केलं, तर हे फळ!"

ते हसले. "उत्तम झालं. माणसाचा राग येणारं जनावरच जगतं. लाडावलेलं उद्या कोणाच्याही हाताला जाईल."

मी फोन ठेवला आणि मला एकदम बरं वाटलं. माणसांचा राग मलाही येत होताच.

तोवर आबांनी वड तोडून घेतला होता. म्हणून डॉक्टरांनी तापीकाठची एक चिंच शोधली, जिच्यावर वटवाघळं होती. तिच्याखाली जाळीचा मोठा पिंजरा टांगला. काही दिवस पिल्लं आतूनच वरच्यांचा कलकलाट ऐकत राहिली. मग एका संध्याकाळी दार उघडलं. एक लगेच गेलं, नदीच्या दिशेने, वरच्या थव्यात मिसळून. दुसरं दाराशी लटकून राहिलं. मी जवळ गेले तर माझ्यावर फिस्कारलं आणि उडालं. मागे वळून वगैरे काही पाहिलं नाही.

घरी आले तेव्हा अक्का अंगणात उभी होती.

"गयात का?"

"गेली."

"बरं जायं," ती म्हणाली आणि तिच्या भागाचं दार लावून घेतलं.

मी खोलीतलं लुगडं काढलं, फरशी धुतली. कुलूप मात्र काढलं नाही.