व्याह्याच्या दारावरून पहिला नंबर

मी तालुक्याची चॅम्पियन होते. हसू नका. परतूर तालुक्यात मुलींची रानातून लांब पळायची शर्यत झाली, तिच्यात तेराव्या वर्षी मी पहिली आले. शर्यतीत मुली किती होत्या, हे मी होता होईल तो सांगत नाही. चार. त्यातली एक वाटूरच्या मारवाडी किराणावाल्यांची. ऊन लागू नये म्हणून तिच्या आईनं छत्री घेऊन मोलकरीण सोबत पळायला दिली होती. मोलकरीण दमली, म्हणून दोघी परत फिरल्या. दुसरीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. राहिलो आम्ही दोघी. तरी पहिला नंबर तो पहिलाच, त्यात काय कमीजास्त!

निजाम जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या गावच्या शाळेला पुण्याकडचे एक गुरुजी मिळाले होते. मुलींनी पळावं असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. एकदा त्यांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पेपरातलं चित्र दाखवलं. थंड मुलखातल्या बाया पायाला लाकडी फळ्या बांधून बर्फावरून कोस कोस शर्यत लावत होत्या. दादांनी चित्र लांब धरून पाह्यलं, जवळ धरून पाह्यलं आणि विचारलं, "गुरुजी, ह्यांच्या घरी कामधंदा न्हाई का?" मला मात्र त्या फळ्यांचं काही वाटलं नाही. आमच्या काळ्या रानात अवकाळी सर पडली की चिखलाच्या फळ्या पायाला फुकटात मिळतात.

माझी सातवी होत आली होती आणि घरात स्थळांची बोलणी चालू होती. मला पुढं शिकायचं होतं. मी रडले, जेवले नाही, रुसून कोपऱ्यात बसले. गुरुजीही दादांच्या मागं लागले. शेवटी वैतागून दादा म्हणाले, "शर्यतीत पैली आली तं जालन्याला शिकाय ठिवतो. न्हाई आली तं ह्याच उन्हाळ्यात लगीन. मंग बिलकुल कटकट चालायची न्हाई." मी हरणार याची त्यांना खात्री होती. नाहीतर ते असं कशाला बोलतील?

शर्यतीचा रस्ता गुरुजींनी आखला. कागदावर नदी, बांध, पाऊलवाट, सगळं बराबर काढलं. पण कुणाची लेक कुठल्या घरी दिली, हे नकाशात नसतं. त्यांनी रस्ता नेमका आक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, सासरच्या दारावरून नेला. आमच्याकडचं शेंबडं पोरगंसुद्धा ही चूक करणार नाही. लेक दिलेल्या घरावरून पाणी न पिता पुढं जाणं म्हणजे व्याह्याच्या तोंडात मारण्यासारखं. आईला आदल्या दिवशी कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. दादांनी मला बजावलं, "थांबायचं. पाया पडायचं, दोन घोट पाणी प्यायचं, मंग पळायचं." सल्ला मोठा शहाणपणाचा. लेकीची अब्रूही राहते आणि धाकटीचं लग्नही उरकतं!

मी पुढं होते. परतूरची एक उंच पोरगी वीसेक पावलं मागं. तिचा धापा टाकायचा आवाज मला ऐकू येत होता. गल्लीत वळले आणि पाहते तर काय, आक्काची सासू ओट्यावर नवं लुगडं नेसून बसलेली! शेजारच्या पाचसहा बाया बोलावलेल्या, ताटात गूळ, कुंकवाचा करंडा. खोटं कशाला बोलू, बाईनं हौसेनं मांडलं होतं सगळं. दाराआड पदर घेऊन आक्का उभी.

"ये गं पोरी, बस. जल्दी काय हाय?" सासू म्हणाली.

जल्दी काय आहे! मी आक्काकडं पाह्यलं. मी पळता पळताच हात जोडले आणि तशीच पुढं गेले. मागून बायांचा "अगं बया!" एवढाच आवाज आला.

पहिली आले. बक्षीस म्हणून कंदील मिळाला. दादा शब्दाचे पक्के. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा केला, पण मला जालन्याला ठेवलं. तिथंही मी दोन शर्यती मारल्या. गावात मात्र पारावर वेगळीच पंचाईत बसली होती. पळता पळता केलेला नमस्कार धरायचा की नाही? दोघं म्हणाले धरावा, बाकीचे म्हणाले न्हाई.

नागपंचमीला दादा आक्काला माहेरी आणायला गेल्ते, ते एकटेच परत आले. सासूनं सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला आमच्या दारात थांबाया टाइम न्हाई, तं आमच्या सुनेला तुमच्या दारात यायाला कुठून टाइम?" दोन पंचम्या गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या. आई माझ्याशी कामापुरतं बोलायची. जालन्याच्या खोलीत मी पुस्तक उघडून रडायचे आणि पुन्हा सकाळी पळायला जायचे. लाज वाटायची, पण पळणं काही सुटलं नाही.

आक्काला दिवस गेले तेव्हा सासूचा रुसवा निघाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, खर्च माहेरचा. तिथं बाईनं मान आडवा आणला नाही. सातव्या महिन्यात आक्का बैलगाडीतून उतरली. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. मी सुट्टीत घरी आले होते. तिचे पाय चेपायला बसले आणि माझा बांध फुटला.

"आक्का, मी थांबायला पाह्यजे होतं. लय राग आला असंल माझा."

"राग? रोज शिव्या देत व्हते तुला. भाकरी थापता थापता द्यायची." ती हसली नाही. "पंचमीला आईच्या आठवणीनं जीव जायचा माझा. आता रडून काय करतीस?"

मी डोळे पुसले आणि पुन्हा पाय चेपू लागले. मग तीच म्हणाली, "तुझ्यापेक्षा मी जोरात पळायची. तू बारकी व्हतीस, तुला आठवायचं न्हाई. आईला विचार."

आई चुलीपाशी भाकरी भाजत होती. मी विचारलं.

"लय जोरात," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "तू तिच्या निम्मी बी न्हाईस."