जमिनीवर शिंपडलेली बिअर

परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात क्राफ्ट बिअरचा महोत्सव भरला होता. आम्ही चौघे मित्र ग्लास नाकाशी नेऊन संत्र्याची साल, भाजलेली कॉफी असले वास ओळखत होतो. खरं तर आम्हाला बिअरचाच वास येत होता, पण तिथे तसं म्हणायची पद्धत नव्हती.

आमच्याच टेबलाला एक अनोळखी म्हातारे उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात साध्या चपला. ग्लास हातात येताच त्यांनी त्यात बोट बुडवलं, चार थेंब जमिनीवर शिंपडले आणि मगच घोट घेतला.

"बघ, असा अरोमा मोकळा होतो," एक मित्र माझ्या कानात म्हणाला आणि त्यानेही शिंपडलं. मग आम्ही सगळ्यांनी शिंपडलं. शेजारच्या टेबलावरही सुरू झालं.

म्हातारे खूश झाले. "बरं वाटलं रे पोरांनो. इथेच आमचं साचाखातं होतं, कापड विणायचो आम्ही. संपानंतर सोबतचे एकेक करून गेले. त्यांना दिल्याशिवाय मी पीत नाय. तुमचं कोण होतं इथे?"

आम्ही चौघांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेले आणि बराच वेळ वास घेत राहिलो.