लॉर्ड व्याह्यांचा शेला

आता काय सांगू तुम्हाला! आधी चहा संपवा, नाहीतर घोट घशातच अडकेल. स्कॉटलंडच्या एका सरदार घराण्याची अब्रू मी काजळाच्या डबीनं झाकायला गेलो होतो. हसू नका हो, लेकीचं लग्न मोडायची वेळ आली होती!

आमची पल्लवी शिकायला तिकडं गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरवून बसली. मुलगा सालस, पण बाप लॉर्ड! आम्ही शहापूरचे विणकर. साखरपुडा टिळकवाडीतल्या हॉलमध्ये ठरला आणि महिनाभर आधी पल्लवीनं चौकड्यांच्या कापडाचा फोटो पाठवला.

"आप्पा, ही त्यांच्या घराण्याची चौकडी. सासऱ्यांसाठी अस्साच शेला विणा. एक धागा बदलू नका हं!"

सोपं काम. पण फोटो माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं पाहिला.

"व्हय रं, ह्यात काळी रेघ हाय की! शुभकार्यात व्याह्याच्या अंगावर काळं घालतोस?"

"आक्का, त्यांच्यात चालतंय."

"त्यांच्यात चालंल. माग कुणाचा हाय?"

खरं सांगू? मलाही ते खुपतच होतं. लग्नाच्या कापडात काळं सूत आमच्या मागावर आजोबांपासून कधी चढलं नव्हतं. मी काळ्याच्या जागी हळदीचा पिवळा घातला. एका रेघेनं काय होतंय?

साखरपुड्याला लॉर्ड त्या चौकडीचा किल्ट, म्हणजे तो त्यांच्याकडचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, नेसून आले. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आपल्या रीतीप्रमाणं आक्कानं विचारलं, "व्याही, तुमचं घराणं सांगा की."

पल्लवी भाषांतर करायला लागली आणि लॉर्ड खुलले. मूळपुरुषाला पराक्रमाबद्दल राजानं किताब दिलेला. पुढच्या पिढीत दोन भाऊ. थोरला बंडात सामील झाला आणि हरला. धाकट्यानं चुगली केली म्हणे. राजानं किताब काढून घेतला, वाडा धाकट्याला दिला. थोरल्याच्या वंशजांनी पिढ्यानपिढ्या अर्ज करून किताब परत मिळवला, वाडा मात्र गेला तो गेलाच.

"आमच्या बांधावरचंच भांडण की ह्ये!" मागून कुणीतरी बोललं.

"चौकडी दोन्ही भावांच्या वंशांची सारखीच," पल्लवी सांगत होती. "फक्त ह्यांची रेघ काळी आणि त्या भाऊबंदांची पिवळी. पिवळी दिसली की सासरे उठून जातात. एका लग्नातनं भरल्या ताटावरून उठलेत!"

माझ्या मांडीवर शेल्याचं तबक!

"जरा आलो," म्हणत मी खोलीत पळालो. बायकोच्या पर्समधली काजळाची डबी काढली आणि बोटानं रेघा काळ्या करत सुटलो. चौकडीत रेघा किती असतात, मी विणकर असून त्या दिवशी कळलं. बाहेरून हाका येत होत्या. शेवटी समोर दिसतील तेवढ्याच रंगवल्या.

लॉर्डना शेला पांघरला, टाळ्या झाल्या. आता सुटलो म्हणेपर्यंत लॉर्डनी भारावून शेला गालाला लावला! गाल काळा. त्यांनी हातानं पुसला, तर हात काळा. मग त्यांनी रेघ पाहिली. खालून पिवळी रेघ चमकत होती.

"आप्पा!" पल्लवी ओरडली.

मी हात जोडून सगळं कबूल केलं. काळं नको म्हणून पिवळं घातलं आणि तेच काळं स्वतःच्या हातानं फासलं! पल्लवी रडत रडत भाषांतर करत होती. लॉर्ड उठून उभे राहिले.

तेवढ्यात आक्का म्हणाली, "सांग गं त्यास्नी, गालाला तीट लागलीया. आता कुणाची दृष्ट लागायची न्हाय!"

पल्लवीनं सांगितलं. लॉर्डनी गाल चाचपला आणि असे हसले की खुर्चीत बसावंच लागलं. म्हणाले, "हा शेला माझ्या चुलतभावाला पाठवतो. त्यालाच शोभेल."

आणि खरंच पाठवला! त्या भाऊबंदाचं उत्तर आलं, "लग्नाला येतो. पण डाग नसलेला नवा विणून ठेवा."

लग्न उद्या आहे. दोन्ही शेले तयार आहेत, काळ्या रेघेचा आणि पिवळ्या रेघेचा. ऐन वेळी घोळ नको म्हणून कुठला कुणाला ते मी तळहातावर लिहून ठेवलंय. पेन सापडेना, म्हणून काजळानं.

आणि तुम्ही आल्यापासून मी सगळ्यांशी हात मिळवतोय!