जिवाचा वेताळ

खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांची, भुतांची सोंगं नाचवतात. वेताळाचा मान जिवाच्या घराण्याचा, अन् संबळ माझं. कागदाच्या लगद्याचा तो भला थोरला मुखवटा चढवला की जिवाला पायाखालचं दिसत नाही. माझ्या संबळाच्या ठोक्यावर तो पाऊल टाकतो. झोपेत दचकणारी पोरं आया त्याच्यापुढं उभी करतात. वेताळाला बघून पोर एकदा टाहो फोडून रडलं की आतली भीती निघून जाते. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, माझी तशीच गेली होती, जिवाच्या बापापुढं.

टीव्हीवाल्यांनी हे पाहिलं अन् त्यांच्या भुताच्या मालिकेत जिवाला नाचवलं, माझ्या संबळासकट. बायका म्हणे टीव्ही बंद करून देवाचं नाव घ्यायच्या. मग त्याच वेताळावर अख्खा सिनेमा काढायचं ठरलं. जिवा फुलून गेला. मुंबईवाल्यांनाही जरा घाम फुटू दे, म्हणाला. मला मात्र नेलं नाही. वाजवणं मागाहून घालू, असं त्यांचं म्हणणं.

सिनेमा कसला, डोंबल! इंग्रजांच्या वेळचा बंगला, मेणबत्त्या, खोटी वटवाघळं, अन् धूर तर इतका की चुलीत ओली लाकडं घातलीत जणू. त्यात बिनसंबळाचा जिवा गालिच्यात अडकून तोंडावर आपटला. लोक हसतील म्हणून लेकाच्यांनी तेवढं मुद्दाम ठेवलं. सिनेमाला काळं कुत्रं फिरकलं नाही, पण ते पडणं मोबाइलवर घरोघर पोचलं. जिवानंही पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस तो बाजारालाही गेला नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्याची नात रुपी ओढ्यात वाहून जाता जाता वाचली. तेव्हापासून रोज रात्री किंचाळत उठायची. अंगारे झाले, जव्हारची औषधं झाली. तिची आई सुनिता म्हणायची, बोहाडा येऊ द्या, आजाच भीती काढील. जिवाचाही सगळा भरवसा बोहाड्यावरच होता.

बोहाडा आला. मी हाताची सालं निघेस्तोवर वाजवलं. खरं सांगतो, जिवा असा कधीच नाचला नव्हता, एक पाऊल चुकलं नाही. पण पोरं ओरडत होती, "पड रे वेताळा, पड!" मोठी माणसंही हसत होती. माझं काळीज जळत होतं, तरी हात थांबवला नाही. जिवा नाचत नाचत रुपीसमोर आला, मुखवटा पार तिच्या तोंडाशी नेला. पोर खुदकन हसली अन् त्याच्या पायांकडं बघत राहिली, आता कधी पडतो म्हणून.

त्या रात्री मी त्यांच्याच ओटीवर निजलो होतो. रुपी किंचाळली. मी आत गेलो तर जिवानं तिला पोटाशी धरलेलं, मुखवटा भिंतीला टेकवलेला.

"आजा," तिनं विचारलं, "खरा वेताळ कधी येल?"

"येल," जिवा म्हणाला. "तू नीज."