चाळिशीनंतरचा गोल

कॅनडात लेकीकडे आलोय. सकाळी दारातला बर्फ काढायला निघालो, तर तिनं हातातलं फावडंच काढून घेतलं. "बाबा, वय झालं तुमचं!" मग बसलो टीव्हीवर आइस हॉकी बघत.

एका खेळाडूची दाढी पिकलेली. "चाळिशी उलटली, आता कसले गोल मारतोय!" जावई म्हणाले. बाकीची तरुण पोरं बर्फावर सुसाट घसरत होती. हा मात्र समोरच्या संघाच्या गोलसमोर पाय रोवून उभा. पाठीत दणके बसले, तरी हलला नाही. लांबून रबरी चकती आली, या खेळात चेंडूऐवजी तीच असते; त्यानं नुसती स्टिक लावली आणि गोल!

वेग ओसरतो, मान्य. पण कुठं उभं राहायचं, हे कळायला वयच लागतं. आणि बाजूला कधी व्हायचं, ते दुसऱ्यांनी का ठरवावं?

मी बूट चढवले.

"बाबा, कुठं निघालात?"

"आधी सांग, फावडं कुठं लपवलंयस?"